सातव्या दरवाज्याची भरती

'माझा नंबर काढून टाका. फाईल दुसऱ्या कोणाला तरी द्या.'

शेवटच्या पानाच्या तळाशी, पेन्सिलने, बारीक अक्षरात. मी ते वाचलं तेव्हा चिमी कडेवर होती, गॅसवर पिठोरीची खीर होती आणि दारात दौलतभाऊ सायकल भिंतीला टेकवून उभे होते. पहिल्यांदा मला नुसतं वाईट वाटलं. इतकं मनापासून वाचणारं माणूस, आणि एकाएकी नको म्हणतंय.

"काय वहिनी, तोंड का पडलं? कोणी शिव्या लिहिल्यात का?"

"शिव्या असत्या तर बरं."

"अहो, एखाददुसरा गळणारच. इथे कोपरीत तर तुमच्या फाईलवरून भांडणं होतात. परवा एका काकूंनी मला विचारलं, दौलत, हे लिहितंय कोण रे? म्हटलं, मला काय ठाऊक, पाकिटात येतं." ते स्वतःवरच खूश होऊन हसले.

दौलतभाऊंची लायब्ररी सायकलवर होती. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, कॅरियरला पत्र्याची पेटी. कोपरीपासून पार बाळकुमपर्यंत दारोदार मासिकं आणि कादंबऱ्या द्यायच्या, मागच्या खेपेच्या परत घ्यायच्या. त्यांचे नियम दोनच. पुस्तकात पेनने लिहायचं नाही. आणि कोणाच्या घरी काय वाचतात ते दुसऱ्या घरी बोलायचं नाही. "बायका सासूला चोरून वाचतात वहिनी. मी तोंड उघडलं तर माझी लायब्ररी बंद आणि त्यांचं वाचणंही."

ही फाईल त्यांचीच होती. एका साप्ताहिकात 'सात दरवाज्यांची खाडी' नावाची गोष्ट क्रमशः यायची. तरंगा नावाची राणी, तिचं तान्हं बाळ पळवून नेणारा पाण्याखालचा राजा अथांग, आणि बाळापर्यंत पोचायला ओलांडायचे सात दरवाजे. दौलतभाऊंनी पानं कापून, भोकं पाडून बुटाच्या नाडीने फाईलला बांधली होती. मी बाळंतपणाच्या आधी ती वाचायला घेतली. तरंगा सहाव्या दरवाज्याशी पोचली, पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं, खाली 'क्रमशः' छापलं, आणि ते साप्ताहिकच बंद पडलं.

पोटात चिमी लाथा मारत होती आणि ते बाळ तिकडे रडतच राहिलं होतं. भाजी निवडताना मला ते ऐकू यायचं. उत्तमला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, छापलेलं आहे ते. छापलेलं रडत नाही." उत्तम म्हणजे आमचे हे, वागळे इस्टेटीत कामाला. पण त्यानेच कंपनीतले एका बाजूने कोरे कागद आणून दिले. चिमी झाल्यावर दुपारी ती निजली की मी ओट्याला टेकून बसायची आणि पुढची गोष्ट लिहायची. कुकरची शिट्टी होईपर्यंत, नाहीतर ती उठेपर्यंत. दौलतभाऊंनी ते कागद त्याच नाडीत ओवले आणि फाईलसाठी घरोघरी नंबर लावून घेतले.

लोकांना माहीत होतं की हे मूळ लेखकाचं नाही. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांनाही ते रडणं थांबायला हवं होतं. पेन्सिल चालत असल्यामुळे समासात सगळे लिहायचे. 'सेनापती हुबेहूब आमच्या ह्यांच्यासारखा बोलतो.' 'तरंगाला एकदा तरी पोटभर जेवू घाला.' कोणीतरी लिहिलं, 'एक कुत्रा पाहिजे.' मी कुत्रा आणला. पुढच्या खेपेला दुसऱ्याने लिहिलं, 'कुत्रा बोलला तर मजा येईल.' मग तो बोलायला लागला. इतर पुस्तकांतल्या पेन्सिली दौलतभाऊ रबराने खोडायचे, ह्या फाईलमधल्या ठेवायचे. फाईल आली की मी आधी समास वाचायची.

आणि सगळ्यांत आधी शोधायची ते हे बारीक अक्षर. हिने कुत्रा-बित्रा कधी मागितला नाही. हिला फक्त बाळाची पडलेली. 'बाळ रडायचं थांबलं का?' मी लिहिलं, थांबलं. जलबायांनी शिंपल्याच्या पाळण्यात घातलंय त्याला. 'त्याला पाजतं कोण?' मी लिहिलं, चांदण्याचं दूध उतरतं पाण्यात. 'आईला इतके दिवस बघितलं नाही तर विसरेल का?' त्या दिवशी चिमी मांडीवरच निजली होती. मी तिच्या टाळूवर हात ठेवून लिहिलं, विसरत नाही. वास धरून ठेवतं.

कोणीतरी शाळेतली पोर असेल, असं मला वाटायचं. नाहीतर माझ्यासारखीच एखादी हळवी. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच लिहायला लागले होते.

शेवटचा भाग पिठोरीचा होता. सातवा दरवाजा श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीला उघडतो, असं मी ठरवलं. आपल्याकडे त्या दिवशी आई वाणाचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि न बघता विचारते, अतीत कोण? मागे उभं राहिलेलं मूल म्हणतं, मी, आणि ताट घेतं. तसंच तरंगा पाण्याकडे पाठ करून उभी राहते. ताट मागे धरते. एकेक पाऊल मागे सरत विचारते, अतीत कोण? आणि पाण्यातून आवाज येतो, मी. तरंगा हसत हसत पाण्याखाली जाते. तिथे मी पूर्णविराम दिला होता. लिहून झाल्यावर पदराने डोळे पुसले होते आणि कुकर उतरवला होता.

आता त्या 'मी'च्या शेजारी समासात तिने लिहिलं होतं, 'किती आत उभं राहायचं? छातीपर्यंत?'

त्याखाली, 'दूध अजून येतं. घेऊन जाते.'

आणि मग ते नंबर काढून टाका.

मी ती तिन्ही वाक्यं पुन्हा वाचली. मग मागची पानं उलटली. बाळ रडायचं थांबलं का. पाजतं कोण. विसरेल का. ह्यातलं एकही तरंगाच्या बाळाबद्दल नव्हतं.

"वहिनी, खीर लागतेय."

"दौलतभाऊ, हे अक्षर कोणाचं?"

"आँ? ते नाही सांगायचं. तुम्हाला नियम माहीत आहे आपला."

"हिचं बाळ गेलंय का?"

 मी पान त्यांच्या तोंडासमोर धरलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओठ हलवत वाचलं, आणि सायकलची सीट घट्ट धरली.

"आज पिठोरी आहे," मी म्हटलं. "भरती कधी असते आज?"

"अमावास्येला... दुपारी भरतं पाणी. जेवणाच्या सुमाराला."

"सांगा ना हो. कोण आहे?"

"बाळकुमची. दामाजी नाखव्याची सून, शेवंती." त्यांचा आवाज चिरकला. "आषाढात गेलं पोर. बारसंही झालं नव्हतं. नवरा बोटीवर, तिकडे वसईच्या बाजूला. ती खिडकीत बसलेली असायची नुसती. मीच म्हटलं, हिला ही गोष्ट द्यावी, मन रमेल. वहिनी, मला काय माहीत हो!"

गॅस बंद केला की नाही ते मला रिक्षात बसल्यावर आठवेना. चिमीला तशीच पदरात गुंडाळून उचलली होती. दौलतभाऊंनी सायकल, पेटी, सगळं आमच्या दारात टाकलं. एरवी कुणा परक्या माणसाबरोबर रिक्षात बसले असते तर चाळीने महिनाभर चघळलं असतं. त्या वेळी कोण बघतंय ते मी बघितलंच नाही.

माजिवड्याला रस्ता बैलांनी अडवला. पोळ्याचे बैल, शिंगांना रंग, पाठीवर झुली, पुढे ताशा. रिक्षावाला इंजिन बंद करून विडी शोधायला लागला.

"अहो, काढा ना बाजूने!"

"कुठून काढू बाई? बैलाच्या पोटाखालून?"

"माणूस मरतंय तिकडे!" दौलतभाऊ ओरडले.

"मग डॉक्टरकडे जायचं ना, बाळकुमला काय जाताय?" असं म्हणत त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, विडी खिशात घालून रिक्षा गटाराच्या कडेने घातली. एका बैलाची झूल हुडाला घासून गेली. चिमी रडायला लागली. मी तिला पाजायला घेतली, पण रिक्षाच्या हादऱ्यांत तिला नीट पिताच येईना.

मी मनात वाक्यं जुळवत होते. काय सांगू तिला? की ते खोटं आहे? की सातवा दरवाजा मी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बनवला? मी देशावरची. खाडी मी पुलावरून तेवढी पाहिलेली, भरती कॅलेंडरमध्ये. त्यातून एका बाईला रस्ता काढून दिला मी, पाण्यात जायचा.

दामाजी नाखव्याचं घर गावाच्या टोकाला होतं. ओट्यावर एक म्हातारी परातीत पिठाचे दिवे वळत बसली होती. आवडाबाई, शेवंतीची सासू. दौलतभाऊंना बघून म्हणाली, "आज कसा रे आयलास? तुजा वार नाय आज."

"शेवंती कुठंय, आवडाबाई?"

"गेली वाण घेऊन. देवलात असंल." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही कोन?"

"वाण कोणाला द्यायला गेली?" मी विचारलं.

"मी पन तेच बोलली तिला. तुला कोन हाय गो द्यायला? उगा कशाला जिवाला..." ती थांबली. हातातला दिवा अर्धा वळलेला राहिला. "ती बोलली, बघतंय कोन येतं ते."

"ती पाण्यात जातेय. खाडीत. पाण्याला पाठ करून विचारणार आहे अतीत कोण. मीच लिहिलंय ते, गोष्टीत. तिला खरं वाटलंय..."

मला नीट सांगताच येत नव्हतं. पण म्हातारीला पुढचं ऐकायची गरजच पडली नाही. परात कलंडली. "दौलत, म्हाताऱ्याला बोलाव! जेटीवर हाय!" असं ओरडून तिने नऊवारीचा ओचा खोचला आणि घरामागच्या बांधावरून निघाली. मी चिमीला छातीशी धरून तिच्या मागे. बांध निसरडा, दोन्ही अंगांना तिवरांची झुडपं, आणि त्यांच्या बुंध्यांत पाणी चढत असल्याचा बुळुक बुळुक आवाज. दोनदा पडता पडता वाचले.

बांध संपला तिथे ती दिसली.

माझ्या मनातली तरंगा उंच होती, लांब केसांची. ही एवढीशी, हिरव्या लुगड्यातली, वीस-एकवीस वर्षांची. तोंड आमच्याकडे, पाठ खाडीकडे. पाणी कंबरेच्या वर आलेलं. दोन्ही हातांनी ताट डोक्यावरून मागे धरलेलं. मी लिहिलं होतं अगदी तसंच.

"अतीत कोण?" ती म्हणाली. मोठ्याने नाही. घरात विचारावं तसं. जरा थांबली. मग एक पाऊल मागे गेली.

"शेवंती!" मी हाक मारली.

तिने पाहिलं. ओळख असायचं कारण नव्हतं. आवडाबाईने माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "मी हिकडनं गेली तर ती आनि आत जाईल. मी तिवरातनं वळसा घालून मागं जातंय. तू बोलत ऱ्हा. काय पन बोल. तिला हिकडं बघू दे." आणि ती म्हातारी आवाज न करता झुडपांत शिरली, पाण्यात उतरली.

काय पन बोल. इतके दिवस पानंच्या पानं बोलले होते मी हिच्याशी. आता एकेक शब्द ओढून काढला.

"शेवंती, मी... ती गोष्ट मी लिहिते. फाईलमधली. तुझी पेन्सिल मी वाचते."

ती थांबली. ताट तसंच वर.

"तुमी?"

"हो. मी कोपरीला राहते. नंदा नाव माझं."

"मला वाटलं पुरुष असंल," ती म्हणाली. मग माझ्या छातीशी असलेल्या गाठोड्याकडे तिची नजर गेली. "तुमचं हाय?"

"हो. मुलगी. शेवंती, बाहेर ये. ते सगळं खोटं आहे. मी मनाने लिहिलंय. दरवाजा-बिरवाजा काही नाही तिथे."

"मला म्हायती हाय."

"मग?"

"मला म्हायती हाय खोटं हाय ते. मी काय येडी नाय." तिचा आवाज शांत होता. "पन तुमच्याकडं तो पाळन्यात होता. दूध पीत होता. आमच्याकडं तर तो नायच. कोन बोलत नाय त्याच्याबद्दल. त्याला नावच नव्हतं, मग बोलनार काय? सासू बोलते, इसर. नवरा बोटीवर गेला. तुमीच एक लिवत होता, तो कसा हाय ते." एक पाऊल मागे. पाणी छातीला लागलं. "अतीत कोण?"

"थांब! गोष्ट संपलेली नाही!"

"संपली. तुमीच संपवली. चांगली संपवली."

"मी बदलते. आजच बदलते. तरंगा परत येते, असं लिहिते."

"बाळाला घेऊन?"

मला हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. इतके दिवस तिने जे जे विचारलं त्याला मी हो म्हणत आले होते. पण ती पाण्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि हो तोंडातून निघेना.

"नाही," मी म्हटलं. "एकटीच."

तिने मान हलवली, जशी काही एखादी गोष्ट नीट जमली नाही म्हणून वाचणारा हलवतो. आणि पाय मागे उचलला.

तेवढ्यात चिमीने टाहो फोडला. भुकेचा, लाल होऊन, श्वास अडकवणारा. शेवंतीचा चेहरा एकदम कसनुसा झाला. खांद्यातून ती पुढे झुकली.

"भूक लागलीय तिला."

"हो."

"मग पाजा ना."

"नाही पाजत."

"पाजा! रडतंय ते!"

"तू बाहेर ये, मग पाजते."

कुठून आलं ते माझ्या तोंडात, माहीत नाही. माझीच पोर माझ्या हातात किंचाळत होती, चोळी भिजली होती, आणि मी तिला पदरापासून लांब धरून उभी होते. शेवंतीच्या डोळ्यांत संताप आला. त्या दिवशीची पहिली जिवंत गोष्ट तीच.

"कशी आई हाय तुमी! तुमच्याकडं हाय, आनि पाजत नाय? एवढं असून पाजत नाय?"

"नाही पाजत. रडू दे. ये तू इकडे आणि मार मला."

ती हलली. पुढे की मागे, मला कळलंच नाही, कारण लाटेने तिचा तोल गेला. ताट कलंडता कलंडता तिने सावरलं, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून विचारलं, "अतीत कोण?"

"मी."

आवाज तिच्या मागून आला. पाण्यातून.

शेवंतीचा तो चेहरा मला कुठल्याही कागदावर लिहिता यायचा नाही. क्षणभरच होता तो. मग तिच्या हातातलं ताट कोणीतरी घेतलं, आणि घेणारा हात सुरकुतलेला होता, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा. आवडाबाई गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. "मी हाय गो," ती म्हणाली. "मीच हाय. दुसरं कोन नाय." तिने ताट पाण्यात सोडलं आणि त्याच हाताने सुनेला कवळा घातला.

शेवंती किंचाळली. तिने सासूला मारलं, चावा घेतला, पाणी उडवलं. "तुमी का बोललात? तो बोलला असता! का बोललात तुमी?" म्हातारीने एक अक्षर न बोलता तिला ओढत आणली. बांधाशी आल्यावर मी एका हाताने तिचा पदर धरला आणि आम्ही तिघी-चौघी त्या चिखलात एकमेकींवर पडलो.

मी तिथेच बसून चिमीला पाजायला घेतली. तिला उचकी लागली होती. पिता पिता मध्येच हुंदका द्यायची. शेवंती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या चोळीवर दोन ओले डाग होते, खाडीच्या पाण्याने भिजलेल्या कापडावरही वेगळे ओळखू येणारे. ती सासूकडे वळून म्हणाली, "कुठं ठेवलाय त्याला?"

आवडाबाई लुगडं पिळत होती. "बायांनी इचारायचं नसतं ते."

"कुठं ठेवलाय?"

मग मला हळूहळू समजलं. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात, हे मलाही ठाऊक होतं. आमच्याकडेही तसंच. पुरुषमाणसं कापडात गुंडाळून नेतात आणि हात धुऊन परत येतात. कुठे ते आईला सांगत नाहीत, म्हणजे तिचा जीव तिथे घोटाळत नाही. शेवंतीला एवढंच कळलं होतं की खाडीच्या बाजूला नेलं. खाडीच्या बाजूला म्हणजे कुठेही. जिथे बघावं तिथे पाणी. आणि तिथे माझे शिंपल्याचे पाळणे.

"मना पन नाय म्हायती," आवडाबाई म्हणाली. "तुज्या सासऱ्याला म्हायती."

दामाजी नाखवा दौलतभाऊंबरोबर धापा टाकत आला. उंच, वाकलेला म्हातारा. ओल्या सुनेला पाहिलं, ओल्या बायकोला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"तिला जागा दाखव," आवडाबाई म्हणाली.

"कसली जागा?"

"पोराची."

"येडी झालीस? बाईमानसाला? आनि आमुशेला?"

"ती आता पान्यात गेलती. उद्या मी नसंन मागं उभी ऱ्हायला. दाखव."

 दौलतभाऊ तोंड फिरवून उभे होते, खांदे हलत होते. शेवटी दामाजीने हात वर केला, खाडीत थोडं आत, जिथे एका जुन्या तिवराचा शेंडा तेवढा पाण्याबाहेर होता. "तितं. त्या झाडाच्या बुडाशी. वर दगड ठेवलंय मी, गाळ सरकू नये म्हनून. अधनंमधनं बघून येतंय."

"बघून येता?" शेवंती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"मला का नाय सांगितलं?"

 ती उठायला लागली तसा तो म्हणाला, "आता नको. आता मानूसभर पानी हाय वर. ओहोटी लागू दे. मी नेतंय तुला."

ती खाली बसली. त्या शेंड्यावरून नजर न काढता. मी मनात म्हटलं, आता निघावं. उत्तम घरी येईल, दाराला कुलूप, दारात दौलतभाऊंची सायकल. त्याला काय वाटेल? पण शेवंतीने माझा पदर मुठीत धरला होता. कधी धरला ते तिलाही ठाऊक नसावं.

"आनि माजी?" आवडाबाई एकदम म्हणाली.

दामाजीने तिच्याकडे पाहिलं.

"माजी दोन. पयला पोर आनि ती मुलगी. त्यांला कुठं ठेवलंस?"

"आवडे, लय वर्सं झाली त्याला."

"म्हनून तर इचारतंय."

म्हातारा टोपी हातात फिरवत राहिला. मग त्याने एकदा पुलाच्या बाजूला पाहिलं, एकदा उलट्या बाजूला. ओठ हलले. तो आठवत होता, की विसरला होता आणि ते सांगायला त्याची जीभ वळत नव्हती, ते मला कळलं नाही. आवडाबाईने पुन्हा विचारलं नाही. ती शेवंतीच्या पलीकडे जाऊन बसली, ओल्या लुगड्यानिशी, आणि दोघींच्या मध्ये बोटभरही अंतर ठेवलं नाही.

चिमी निजली. ऊन आलं आणि गेलं. मी काहीतरी बोलावं असं दोनतीनदा वाटलं. ती माझी वाचक होती, माझ्याकडून तिला काहीतरी मिळायला हवं होतं. पण माझ्याकडे त्या दुपारी एकही वाक्य नव्हतं. पाणी चढतंय की उतरतंय तेही मला ओळखता येत नव्हतं.

शेवंतीला येत होतं. बऱ्याच वेळाने तिने पदर सोडला आणि बोट पुढे केलं.

"ती फांदी बघा," ती मला म्हणाली. "मगाशी नव्हती दिसत."

मी पाहिलं. मला नुसतं पाणीच दिसलं.

"ती गो, डावीकडची. अजून खाली एक हाय, ती पन आता निघंल. बघत ऱ्हावा."

मी बघत राहिले.